सार्वजनिक काका आणि मुखत्यारपत्राचे राजकारण

माळव्याच्या इतिहासात स्कॉटलंडचे नाव वारंवार येते, परंतु ते एका ठराविक जातीच्या माणसांमुळे. आमच्या उज्जयिनीच्या उत्तरेस, क्षिप्रेच्याच काठी वसलेल्या महिदपुरास २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांच्या फौजेचा मोड झाला. त्या लढाईत इंग्रजांच्या अघाडीस असलेला सर जॉन माल्कम हा स्कॉटलंडच्या सीमेवरील एस्कडेल खोऱ्यातला. त्यानेच पुढे मध्य हिंदुस्थानाविषयीचा तो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. पेशवाई बुडविणारा एल्फिन्स्टन स्कॉटिश, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफही स्कॉटिश. आपल्याला राज्यकर्ता म्हणून जो इंग्रज भेटला तो बरेच वेळा इंग्रज नव्हताच, असे आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले हसतात. यंदा मात्र एका मुलाने हसण्याऐवजी विचारले, "तिकडच्या सगळ्या लोकांना राज्य करायला इकडे पाठवले, तर तिकडे राज्याविरुद्ध बोलणारे कोणी नव्हतेच का?"

होते. आणि त्यांनाही दूर पाठविण्यात आले होते. त्या मुलाला उत्तर देण्यासाठी आम्ही जी टिपणे काढली, ती काढता काढता आमचे लक्ष एडिंबरोहून पुण्याकडे वळले, आणि ज्यांचे नाव आपण सर्वजण आदराने घेतो पण ज्यांचे कार्य दोन ओळींत उरकतो, त्या गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्याकडे आम्ही नव्याने पाहू लागलो. त्याचे फळ म्हणजे प्रस्तुत लेख.

प्रथम स्कॉटलंडची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या देशाची वस्ती सुमारे पंधरा लाख होती. पण पार्लमेंटसाठी मत देण्याचा हक्क असलेली माणसे पाच हजारांच्या आतच भरत. एडिंबरो या राजधानीच्या शहराचा प्रतिनिधी तर तेथील नगरसभेचे ३३ सभासद निवडीत, आणि ते सभासद आपले वारस आपणच नेमीत. अशा स्थितीत ग्लासगोच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा टॉमस मूर (जन्म १७६५) हा वकील पुढे आला. ऑक्टोबर १७९२ मध्ये त्याने व त्याच्या मित्रांनी ग्लासगोस 'जनतेचे मित्र' या नावाची संस्था काढली. गावोगाव अशाच संस्था निघाल्या. विणकर, चर्मकार, छोटे दुकानदार त्यांत होते. डिसेंबरमध्ये या संस्थांनी निवडून पाठविलेल्या प्रतिनिधींची परिषद एडिंबरोस भरली. मागणी एवढीच की, पार्लमेंटमध्ये लोकांचे खरे प्रतिनिधी असावेत आणि निवडणुका वरचेवर व्हाव्यात. साधन एवढेच की, अर्ज करावा.

जानेवारी १७९३ मध्ये मूरला पकडले. जामिनावर सुटून तो फ्रान्सला गेला. सोळाव्या लुईचा शिरच्छेद टळावा म्हणून चार शब्द सांगावेत, हा त्याचा हेतू होता. तो वेळेवर पोचला नाही, आणि युद्ध पेटल्यामुळे वेळेवर परतलाही नाही; तेव्हा कोर्टाने त्याला फरारी ठरविले. तरीही तो आपण होऊन परत आला. ३० ऑगस्ट १७९३ रोजी एडिंबरोस त्याचा खटला उभा राहिला. टॉमस पेनचे 'माणसाचे हक्क' हे पुस्तक त्याने लोकांना वाचावयास दिले, आणि परिषदेत आयर्लंडच्या सुधारणावाद्यांचे पत्र वाचून दाखविले, हे मुख्य आरोप. त्याच्याच घरातील एक मोलकरीण सरकारतर्फे साक्षीला होती. न्यायाधीश लॉर्ड ब्रॅक्सफील्ड याने ज्यूरीला सांगितले की, दोन गोष्टींना पुराव्याची गरजच नाही : एक, ब्रिटनची राज्यघटना जगात सर्वोत्तम आहे, आणि दुसरी, देशात राजद्रोहाचे वारे सुटले आहे. ज्यूरीतील कित्येक गृहस्थ सुधारणावाद्यांना विरोध करण्यासाठीच स्थापन झालेल्या एका राजनिष्ठ मंडळाचे सभासद होते. मूरने त्याला हरकत घेतली, ती फेटाळली गेली. शिक्षा झाली १४ वर्षे काळ्या पाण्याची, म्हणजे ऑस्ट्रेलियातील बॉटनी बेच्या वसाहतीत हद्दपारीची. त्याच काळात पामर, स्कर्विंग, मार्गरो, जेराल्ड या चौघांनाही तशाच शिक्षा झाल्या. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी आमचे पाटीलबावा महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडीस वारले, तेव्हा हा वकील बेड्यांत सातासमुद्रापलीकडे जाण्याची वाट पाहत होता. पुढे तो एका अमेरिकन जहाजातून निसटला, मेक्सिको व हवाना असा भटकला, स्पेनच्या किनाऱ्यावरील एका आरमारी चकमकीत त्याचा एक डोळा गेला, आणि जानेवारी १७९९ मध्ये फ्रान्समधील शांतिई येथे वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

हे सारे चित्तथरारक आहे खरे. पण आमचे लक्ष वेधले ते त्यातील एका कोरड्या वाटणाऱ्या गोष्टीने. ती गोष्ट म्हणजे प्रतिनिधी. एडिंबरोच्या परिषदेत आलेला माणूस आपल्या मनाने आलेला नव्हता. तो कोणीतरी पाठविलेला होता. सरकारला भीती वाटली ती याचीच. एकटा माणूस ओरडला तर त्याला वेडा म्हणता येते. पाठविलेला माणूस बोलू लागला की, पार्लमेंटच्या शेजारी दुसरे पार्लमेंट उभे राहिल्यासारखे दिसते.

आता पुण्याकडे वळू. गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म १८२८ चा, साताऱ्याचा. म्हणजे ग्रँट डफने जेथे रेसिडेंट म्हणून कारभार केला त्याच गावचा. घरची स्थिती बेताची. पुण्यास येऊन त्यांनी काही काळ न्यायखात्यात कारकुनी केली आणि पुढे परीक्षा देऊन ते वकील झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पुढे ज्यांच्याबरोबर त्यांनी काम केले त्या न्यायमूर्ती रानड्यांसारखी विद्वत्ताही नव्हती. त्यांच्याजवळ होते ते कागदाचे ज्ञान. दावा कसा उभा राहतो, कोणाच्या सहीला किंमत असते, वकीलपत्र नसलेल्या माणसाला कोर्ट कसे दारातूनच परतविते, हे त्यांना नाझराच्या कचेरीतील बाकावर बसल्यापासून ठाऊक होते. ही बाब आम्हांस महत्त्वाची वाटते. काकांच्या चरित्रात त्यांच्या देशभक्तीचे वर्णन पुष्कळ असते, कारकुनीचे नसते. आमच्या मते त्यांच्या राजकारणाची गुरुकिल्ली त्या कारकुनीत आहे.

१८७० मध्ये पुण्यात पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी तक्रारी निघाल्या. पेशव्यांनी उभारलेल्या या देवस्थानाची व्यवस्था पंचांकडे होती, आणि ती नीट चालत नाही असे लोकांचे म्हणणे होते. तक्रार देवळाची, पण प्रश्न निघाला तो राज्यशास्त्राचा : तक्रार करणार कोण? पुण्याचे लोक म्हणजे कोण? चार प्रतिष्ठित गृहस्थ सरकारकडे गेले, तर ते चौघांचे म्हणणे होते. सगळ्या गावाचे नव्हे. या प्रश्नाचे काकांनी जे उत्तर दिले, ते अव्वल इंग्रजीतील आपल्या राजकारणातील एक अत्यंत बुद्धिमान कृती होय. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि तिचा नियम असा ठरला की, ज्याला सभासद व्हावयाचे असेल त्याने निदान ५० सज्ञान माणसांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. अशी पत्रे घेऊन पहिल्यांदा ९५ सभासद आले. त्यांच्या पाठीमागे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. दर सभासदामागे ५० या हिशेबाने ४,७५० पुरे झाले असते. सह्या त्याहून बाराशेंवर अधिक भरल्या. म्हणजे कित्येकांनी नियमापुरते न थांबता घरोघर हिंडून सह्या गोळा केल्या असल्या पाहिजेत.

त्या काळी मुंबईस व कलकत्त्यास राजकीय मंडळे नव्हती असे नाही. बाँबे असोसिएशन १८५२ सालीच निघाली होती. परंतु तेथे वर्गणी भरली की माणूस सभासद होई. पुण्यात पैशाऐवजी माणसे आणावी लागत. हा फरक लहान नाही. पहिल्या प्रकारात सभासद स्वतःच्या वतीने बोलतो आणि त्याचे बोलणे लोकांच्या हिताचे असावे अशी आपण आशा करतो; दुसऱ्या प्रकारात त्याच्या खिशात पन्नास माणसांचा कागद असतो, आणि ती पन्नास माणसे उद्या त्याला विचारू शकतात, की बाबा, आमच्या नावावर तू काय बोललास?

ही कल्पना काकांनी कोठून आणली? इंग्रजी ग्रंथांतून आली असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. आम्हांस तसे वाटत नाही. वकिलाला वकीलपत्र माहीत असते. त्यासाठी मिल वाचावा लागत नाही. शिवाय आपल्या जुन्या व्यवहारात याला मोठा आधार आहे. मराठी अमदानीत वतनाचा तंटा पडला की गोतसभा बसे आणि तिच्या निर्णयाचा महजर होई. त्या महजरावर पाटलाची नांगराची निशाणी, आणि खाली बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या असत. ज्याला अक्षर येत नसे त्याचीही संमती कागदावर उमटे, आणि ती उमटल्यावाचून महजर पुरा होत नसे. इतिहाससंशोधकांच्या दप्तरांतून असे शेकडो महजर छापले गेले आहेत. त्यांवर नजर टाकली तर सार्वजनिक सभेचे मुखत्यारपत्र हे त्यांचेच नव्या काळातील अपत्य वाटू लागते. फरक इतकाच की, महजर आपसातील तंट्याचा निवाडा सांगे, आणि मुखत्यारपत्र सरकारशी असलेला तंटा मांडू लागले. अर्थात काकांनी असा विचार लिहून ठेवला आहे असा आमचा दावा नाही. हे आमचे अनुमान आहे, आणि ते अनुमान म्हणूनच वाचकांपुढे ठेवतो.

योगायोग असा की, ज्या वर्षी पुण्यात लोक सह्या करीत होते त्याच वर्षी, नोव्हेंबर १८७० मध्ये, सरकारने इंडियन पीनल कोडात १२४ अ हे राजद्रोहाचे कलम घातले. मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यात ते होते. १८६० चा कायदा होताना गळाले होते. आता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदेमंत्र्याने ते पुन्हा आणले. काकांच्या सभेमुळे ते आणले असे कोणी समजू नये. सरकारच्या मनात निराळी कारणे होती. पण सभा आणि कलम ही दोन भावंडे एकाच वर्षी जन्मली, आणि पुढची सत्तर-पंच्याहत्तर वर्षे एकमेकांकडे डोळे वटारून पाहत राहिली. काकांच्या हयातीत ते कलम त्यांच्यावर चालविले गेले नाही. लोकमान्यांवर मात्र ते १८९७ मध्ये चालले, आणि १९०८ मध्ये पुन्हा चालून त्यांना सहा वर्षे मंडालेस जावे लागले. १८९७ च्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा जो अर्थ लावला, तो वाचताना आम्हांस ब्रॅक्सफील्डची आठवण होते. स्वराज्य आल्यावरही ते कलम पुस्तकात राहिले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची अंमलबजावणी थांबविली, आणि १ जुलै २०२४ रोजी जुने पीनल कोडच गेले तेव्हा त्या नावाने ते नाहीसे झाले. नव्या संहितेतील १५२ वे कलम हे त्याचेच रूप आहे की नाही, हा वाद कायदेपंडितांचा आहे.

सभेच्या पहिल्या दहा वर्षांतील कामाची यादी देत बसत नाही. ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. १८७१ च्या अखेरीस रानडे पुण्यास बदलून आले आणि सभेला विचाराचे बळ मिळाले. जमीनमहसुलाच्या वाढीविरुद्ध अर्ज, महाराष्ट्राच्या सांपत्तिक स्थितीची पाहणी, १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगाव माणसे पाठवून गोळा केलेली माहिती, आपसातील तंटे कोर्टाबाहेर मिटविणारे लवाद न्यायालय, १८७८ पासूनचे त्रैमासिक, या सर्वांत डोके बहुतेक रानड्यांचे आणि पाय काकांचे. काकांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी स्त्रीविचारवती सभा चालविली. १८७५ मध्ये सभेने ब्रिटिश पार्लमेंटच्या लोकसभागृहाकडे अर्ज केला की, हिंदुस्थानचे प्रतिनिधी तेथे प्रत्यक्ष घ्यावेत. ज्या सभागृहात स्कॉटलंडला खरे प्रतिनिधी मिळावेत म्हणून मूर देशोधडीस लागला, त्याच सभागृहाच्या दारावर ऐंशी वर्षांनी पुण्याच्या एका वकिलाने हाक दिली. दार उघडले नाही. पण हाक मारणाऱ्याला जहाजातही घातले नाही. काळ काहीसा बदलला होता, हे मान्य केले पाहिजे.

त्याच वर्षीच्या एका प्रकरणाशी मात्र आम्हां माळव्यातील मंडळींचा निकटचा संबंध आहे. म्हणून तेथे थोडे थांबतो. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांनी रेसिडेंट कर्नल फेअर यास विष घालण्याचा प्रयत्न केला असा आरोप ठेवून सरकारने त्यांना अटक केली आणि सहा जणांचे कमिशन बसविले. तिघे इंग्रज, तिघे हिंदी. हिंदी सभासदांत आमचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह, आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असे म्हणणारा त्या वेळीही कोणी नव्हता. पण काकांनी आणि सभेने नेमका प्रश्न धरला : वाईट राजा असणे हा एक मुद्दा, आणि विषप्रयोगाचा आरोप पुराव्याने शाबीत होणे हा दुसरा. आरोपीला बचावाची पुरी संधी मिळाली पाहिजे म्हणून पुणेकरांच्या वतीने एक लक्ष रुपये उभे करण्याची तयारी काकांनी तारेने कळविली. विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हा नामांकित बॅरिस्टर बचावासाठी आला. निकालात तीन इंग्रज एका बाजूस आणि तीन हिंदी दुसऱ्या बाजूस असे झाले. शिंदे महाराज व दिनकरराव यांचा अभिप्राय, आरोप सिद्ध होत नाही, अशा आशयाचा होता. स्कॉटलंडच्या फौजदारी न्यायात 'दोषी' आणि 'निर्दोष' यांच्या जोडीला 'सिद्ध नाही' असा तिसरा निकाल शतकानुशतके होता. आमच्या महाराजांना त्याची वार्ता असण्याचे कारण नाही, पण दिलेला अभिप्राय त्याच साच्याचा. सरकारने विषाचा आरोप बाजूस ठेवला आणि एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत केले. उज्जयिनीचे आम्ही लोक शिंद्यांच्या इतिहासात महादजींनंतर सहसा थांबतो. जयाजीरावांच्या नावावर सत्तावनचे ओझे आहे, ते आम्ही पुसू इच्छीत नाही. पण १८७५ चा हा अभिप्रायही त्यांच्या खात्यावर मांडला गेला पाहिजे.

हेच महाराज पावणेदोन वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात होते. लॉर्ड लिटनचे भाषण झाल्यावर प्रथम उठून महाराणीचे अभीष्ट चिंतणारे संस्थानिक तेच. त्याच दिल्लीत, सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून, काका आले होते. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी स्वदेशीची शपथ घेतली होती. तेव्हापासून हाताने काढलेल्या सुताच्या जाड्याभरड्या कापडाशिवाय त्यांच्या अंगावर दुसरे वस्त्र नसे. जडजवाहिरांच्या त्या गर्दीत तो पेहराव कसा दिसला असेल याची कल्पना वाचकांनी करावी. सभेतर्फे जे मानपत्र दिले गेले त्यात मागणी अशी की, हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय व सामाजिक दर्जा मिळावा. मानपत्राच्या पोटात मागणी घालावयाची, हीही कारकुनाचीच हिकमत. स्वदेशीच्या बाबतीत काकांनी व्याख्यानांवर भागविले नाही. देशी मालाची दुकाने काढण्याच्या खटपटीत ते पडले, आणि त्यात त्यांची पदरमोड झाली. गांधीजींच्या जन्मानंतर तीन वर्षांच्या आतच घेतलेली ही शपथ आहे, एवढे सांगितले की मुलांच्या लक्षात राहते.

येथवर आम्ही काकांची बाजू मांडली. आता जे खटकते ते सांगितले पाहिजे. 'सार्वजनिक' हा शब्द त्या सभेला कितपत शोभत होता? सभासदांत सरदार, जहागीरदार, सावकार, वकील, पेन्शनर यांचा भरणा; अध्यक्षस्थानी औंधचे पंतप्रतिनिधी. १८७३ मध्ये त्याच पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी या सभेच्या नावावरच बोट ठेवले : शेतकरी, माळी, महार, मांग ज्यात नाहीत ती सर्व जनांची सभा कशी? या प्रश्नाला सभेजवळ उत्तर नव्हते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा सभेला शेतकऱ्यांच्या दुःखाविषयी पुष्कळ बोलता आले, कारण महसुलाचा बोजा हे खरेच एक मोठे कारण होते. पण ज्या सावकारांच्या घरी त्या वह्या होत्या त्यांच्यासारखेच गृहस्थ सभेच्या बैठकीत मांडीला मांडी लावून बसले होते. मूरच्या परिषदेत विणकर स्वतः बोलावयास आला होता. पुण्यात विणकराच्या वतीने वकील बोलत होता. महजरावर बलुतेदारांची निशाणी असे असे आम्ही वर म्हटले. मुखत्यारपत्राच्या नियमात त्या निशाण्यांना मज्जाव नव्हता, पण त्या मिळविण्यासाठी त्यांच्या वस्तीपर्यंत पुरेसे कोणी गेले नाही. दार उघडे होते, इतके म्हणून फुल्यांना उत्तर होत नाही. तथापि ज्या नियमाने सभेला प्रतिनिधित्वाचा अभिमान मिळाला, त्याच नियमाने फुल्यांना तिला जाब विचारण्याचे मापही मिळाले. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला असा प्रश्न विचारून उपयोग झाला नसता.

काकांच्या आयुष्यातील कसोटीचा प्रसंग अखेरीस आला. १८७९ च्या आरंभी वासुदेव बळवंत फडके यांनी पुण्याच्या आसपास बंड उभारले. लष्करी हिशेबखात्यातील हा कारकून काही वर्षांपूर्वी स्वदेशीची व्याख्याने ऐकून पेटला होता. मे महिन्यात पुण्यात बुधवारवाडा व विश्रामबागवाडा जळाले. पुण्यातील सुशिक्षितांवर सरकारचा संशय बसला. रानड्यांची धुळ्यास बदली झाली. जुलैत फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांचा खटला उभा राहिला. राणीविरुद्ध युद्ध पुकारल्याचा मुख्य आरोप असलेल्या माणसाचे वकीलपत्र घेणे म्हणजे त्या दिवसांत आपले नाव पोलिसांच्या वहीत आपल्याच हाताने लिहिण्यासारखे होते. काकांनी ते घेतले.

या घटनेचा अर्थ लावताना फार गल्लत होते. काहींच्या मते काका मनातून बंडखोर होते आणि अर्ज हा केवळ बुरखा होता; तर काहींच्या मते त्यांनी केवळ वकिलाचे कर्तव्य केले. आम्हांस दोन्ही पटत नाही. काकांचा बंडावर विश्वास असल्याचे त्यांच्या दहा वर्षांच्या कामात कोठे दिसत नाही. आणि निव्वळ धंद्याचे कर्तव्य असते, तर पुण्यात वकील काही थोडे नव्हते. आम्ही त्याचा संबंध बडोद्याच्या लक्ष रुपयांशी लावतो. मल्हारराव राजा होता आणि वाईट होता. फडके दरिद्री होता आणि निःस्पृह होता. काकांनी दोघांसाठी एकच गोष्ट मागितली, की याच्या वतीने कोणीतरी बोलले पाहिजे. सह्यांवाचून बोलणार नाही म्हणणारा माणूस आरोपीच्या बाजूने मात्र एकटा उभा राहिला. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होऊन जानेवारी १८८० मध्ये एडनला नेण्यात आले. तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. काका त्यापूर्वीच, २५ जुलै १८८० रोजी, पुण्यास वारले. वय ५२.

आता त्या स्कॉटिश धाग्याचे दुसरे टोक. ज्या एडिंबरोत मूरला शिक्षा झाली त्याच शहरात, कॅल्टन टेकडीवरील जुन्या स्मशानभूमीत, त्या पाच जणांचा एक उंच दगडी स्तंभ उभा आहे. २१ ऑगस्ट १८४४ रोजी त्याची कोनशिला बसविली ती जोसेफ ह्यूम या पार्लमेंटच्या सभासदाने. वर्गणी जमविण्याची खटपटही मुख्यतः त्याचीच. हा ह्यूम तरुणपणी कंपनीचा डॉक्टर होता. १८०३ च्या मराठ्यांशी झालेल्या युद्धात तो बुंदेलखंडातील फौजेबरोबर होता आणि देशी भाषा येत असल्यामुळे दुभाष्याचे कामही करी. येथून बराच पैसा घेऊन तो परतला, आणि उरलेले आयुष्य त्याने सरकारी उधळपट्टीवर टीका करण्यात आणि मताधिकाराचा विस्तार मागण्यात घालविले. आमच्या पैशाचा थोडा सदुपयोग झाला म्हणावयाचे! त्याचाच मुलगा अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम.

१८८५ च्या डिसेंबरात या धाकट्या ह्यूमच्या खटपटीने राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरावयाचे होते ते मुंबईस नव्हे, पुण्यास. यजमानपण सार्वजनिक सभेकडे होते. काकांना जाऊन पाच वर्षे झाली होती. चिटणीस सीताराम हरी चिपळूणकर यांनी सारी तयारी केली होती. जागा ठरली होती पर्वतीच्या पायथ्याजवळचा पेशव्यांचा बाग, म्हणजे ज्या देवस्थानाच्या तक्रारीतून सभा निघाली त्याच टेकडीखाली. ऐन वेळी पुण्यात पटकीचे रोगी आढळले, आणि अधिवेशन मुंबईस गोकुळदास तेजपाळ संस्कृत पाठशाळेत हलवावे लागले. तेथे २८ डिसेंबर रोजी ७२ प्रतिनिधी जमले. त्यांना कोणी निवडून दिलेले नव्हते. निमंत्रण आले ते आले. दुसऱ्या वर्षी कलकत्त्यास चारशेंहून अधिक प्रतिनिधी आले, ते मात्र बहुतेक ठिकठिकाणच्या सभांनी व संस्थांनी निवडून पाठविलेले.

मार्च १८९७ मध्ये, सभा लोकमान्यांच्या पक्षाच्या हाती गेल्यावर, मुंबई सरकारने तिला कळविले की, राज्यकारभाराच्या प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा तुमचा अधिकार आम्ही यापुढे मानीत नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी ९५ गृहस्थ आपल्या खिशांतून जे कागद काढून दाखवीत होते, ते याच प्रश्नाचे उत्तर होते.